कोष्टकातील बळ आणि किनाऱ्यावरील बळ

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली याच तारखेच्या रात्री भारतीय नौदलाच्या तीन लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर जो घाव घातला, त्याचे स्मरण म्हणून हा दिवस पाळला जातो. अशा दिवशी आपल्या सामर्थ्याचा अभिमान वाटावा यात गैर काहीच नाही. परंतु या अभिमानाच्या जोडीला हल्ली एक कोष्टकही घरोघरी येऊन पोहोचते. आशिया खंडात कोणत्या राष्ट्राचे सैन्य किती, रणगाडे किती, विमाने किती, युद्धनौका किती, याची मांडणी करून राष्ट्रांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देणारी कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध होतात. आणि शाळेच्या निकालपत्राकडे पालक ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने आमचा सुशिक्षित वर्ग त्यांकडे पाहतो. आपला क्रमांक वर गेला की पेढे वाटायचे आणि चीनचा आकडा दिसला की हातपाय गाळायचे! या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांस सारख्याच उथळ वाटतात. संरक्षण हा विषय सेनापतींचा व मंत्र्यांचा, आपण फक्त क्रमांक वाचावयाचा, ही वृत्ती लोकशाही राष्ट्रातील नागरिकाला शोभणारी नाही. म्हणून या कोष्टकाचा अर्थ काय, तो कोठवर खरा आणि कोठून पुढे फसवा, याचा थोडा सविस्तर विचार आज आम्ही करणार आहोत. आणि तो करण्यास रत्नागिरीइतके योग्य गाव दुसरे क्वचितच असेल, असे आमचे मत आहे.

कोष्टक काय सांगते?

प्रथम आकडे पाहू. स्टॉकहोम येथील शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली चीनचा लष्करी खर्च सुमारे ३१४ अब्ज डॉलर होता. भारताचा ८६ अब्ज, सौदी अरबस्तानचा ८० अब्ज, जपानचा ५५ अब्ज, दक्षिण कोरियाचा ४८ अब्जांच्या आसपास, इस्रायलचा साडेसेहेचाळीस अब्ज आणि पाकिस्तानचा १० अब्जांहून किंचित अधिक. खड्या सैन्याचा हिशेब घेतला तर चीनचे सुमारे २० लक्ष, भारताचे साडेचौदा लक्ष, उत्तर कोरियाचे पावणेतेरा लक्ष आणि पाकिस्तानचे साडेसहा लक्ष सैनिक भरतात. विमानवाहू नौका चीनकडे तीन, भारताकडे दोन. अण्वस्त्रांच्या बाबतीत याच संस्थेचा जानेवारी २०२५ चा अंदाज असा की, चीनजवळ ६००, भारताजवळ १८०, पाकिस्तानजवळ १७०, इस्रायलजवळ ९० आणि उत्तर कोरियाजवळ ५० अस्त्रे असावीत.

हे आकडे टाकाऊ आहेत असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. चीन आपल्या साडेतीनपटींहून अधिक खर्च करतो ही गोष्ट कोणत्याही देशभक्तीपर भाषणाने पुसली जाणारी नाही. खर्चातील असे अंतर वर्षानुवर्षे राहिले म्हणजे त्याचे रूपांतर जहाजांत, कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि उपग्रहांत होते. नौकांच्या संख्येच्या दृष्टीने चीनचे आरमार आज जगात सर्वांत मोठे आहे; पंचवीस वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. सोंगे सगळी आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण राष्ट्रांनाही लागू आहे. तेव्हा कोष्टक फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. ते वाचावे कसे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आशिया म्हणजे एक रणांगण नव्हे

कोष्टकातील पहिला दोष त्याच्या मथळ्यातच आहे. ‘आशिया खंडातील सामर्थ्य’ म्हणजे नेमके कोणाचे? रशियाचा बहुतेक मुलूख आशियात आणि राजधानी युरोपात. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे? त्याहून गमतीची गोष्ट अशी की, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या लोवी संस्थेने आशियातील सत्तांचा जो निर्देशांक २०२४ साली प्रसिद्ध केला, त्यात भारताने जपानला मागे टाकून तिसरा क्रमांक मिळविला खरा, परंतु आशियातील या यादीत पहिला क्रमांक आहे अमेरिकेचा! हा त्या संस्थेचा प्रमाद नव्हे. जपानमध्ये व दक्षिण कोरियात ज्या राष्ट्राचे तळ आहेत आणि पश्चिम प्रशांत महासागरात ज्याचे आरमार फिरते, त्याला वगळून आशियाचा हिशेब पुराच होत नाही. मात्र त्यावरून खंडाच्या नकाशावर आखलेली रेषा सामर्थ्याच्या हिशेबात किती तोकडी पडते, हे उघड होते.

वस्तुतः आशिया खंडाचे असे एक युद्ध कधी होत नाही. युद्धे होतात ती जोड्यांची. दोन्ही कोरियांची एक जोडी, चीन व तैवान यांची दुसरी, इराण व इस्रायल यांची तिसरी, भारत व पाकिस्तान यांची चौथी. उत्तर कोरियाजवळ पावणेतेरा लक्ष सैन्य आहे म्हणून आपण रत्नागिरीत बसून चिंता करण्याचे कारण नाही. आणि सौदी अरबस्तानचा खर्च जवळजवळ आपल्याइतका आहे म्हणून तो आपला तुल्यबळ ठरत नाही. सामर्थ्य नेहमी कोणाविरुद्ध, कोठे आणि किती काळ, या तीन प्रश्नांच्या संदर्भातच मोजावे लागते. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर फार मोठे सैन्य घातले. कोष्टकात त्या दोघांची तुलनाच होऊ शकली नसती. पण महिन्याभरातच ते सैन्य जबर हानी सोसून परत फिरले. जून २०२५ मध्ये सुमारे एक कोटी वस्तीच्या इस्रायलने सुमारे नऊ कोटी वस्तीच्या इराणशी बारा दिवस झुंज घेतली. तीत पायदळाचे सैन्य समोरासमोर आलेच नाही. दोहोंच्या मध्ये शेकडो मैलांचा परका मुलूख; तेथे लक्षावधी सैनिकांचा आकडा काय कामाचा?

भारतापुढील प्रश्न असा की, आपली जोडी एक नाही. पाकिस्तानपेक्षा आपण आठपटींहून अधिक खर्च करतो ही गोष्ट ऐकावयास गोड वाटते. पण त्या खर्चातील मोठा भाग उत्तर सीमेकडे लागतो, आणि दोन्ही शेजाऱ्यांचे सूत जुळलेले आहे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत पाकिस्तानने परदेशांतून जी शस्त्रे घेतली त्यांतील ८१ टक्के एकट्या चीनची होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाल्यावर मे महिन्यात जो चार दिवसांचा संघर्ष झाला, त्यात पाकिस्तानी वैमानिकांच्या हाती चिनी विमाने व चिनी क्षेपणास्त्रे होती. म्हणजे कोष्टकात ज्या दोन स्वतंत्र ओळी दिसतात, त्या प्रत्यक्षात एकमेकींस जोडलेल्या आहेत. अण्वस्त्रांनी तर तुलनेचे गणितच बदलून टाकले. खर्चाचे प्रमाण आठास एक असूनही १८० आणि १७० या आकड्यांत व्यवहारतः फरक उरत नाही. दोघांचाही सर्वनाश करण्यास त्यांतील थोडीशी अस्त्रे पुरेशी आहेत. म्हणून ‘आपण त्यांच्या आठपट’ असे म्हणणाऱ्याने हे वाक्य तेथेच थांबवू नये.

मोजपट्टीचीच गोष्ट निघाली म्हणून आमच्या किनाऱ्याचे उदाहरण देतो. भारताचा सागरकिनारा ७,५१६ किलोमीटर लांबीचा आहे असे आम्ही सर्वजण शाळेत शिकलो. अलीकडे केंद्र सरकारने नवी मोजणी करवून तो सुमारे ११,१०० किलोमीटर असल्याचे जाहीर केले. देशाने या काळात कोणताही मुलूख जिंकला नव्हता. जुनी पट्टी ओबडधोबड होती. खाड्यांची वळणे, भूशिरांची टोके आणि बेटांचे कंगोरे तिच्यात मावत नव्हते. नव्या पट्टीने ते मोजले इतकेच. जे कोकणातील पोरालाही ठाऊक होते ते सरकारी दप्तरात यावयास इतका काळ लागला! किनारा तोच असून त्याची लांबी निम्म्याने वाढू शकते, तर ‘सामर्थ्य’ नावाच्या गोष्टीचा एका आकड्यात केलेला हिशेब किती काटेकोर असणार?

थिबाच्या राजवाड्याची साक्ष

शस्त्रास्त्रांच्या यादीवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी एखाद्या सायंकाळी आमच्या थिबा राजवाड्याच्या आवारात जाऊन बसावे. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. येथे त्या काळी रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्राचा मार्गही बंद पडे. पदच्युत राजाला जगापासून दूर ठेवण्यास यापेक्षा सोयीचे स्थळ कोणते? १९१० साली त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये याच गावी त्याने देह ठेवला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन हे त्याच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी रत्नागिरीस आले होते. आमच्या गावाच्या दृष्टीने थिबा ही एक हळवी आठवण आहे. परंतु लष्करी सामर्थ्याच्या अभ्यासकाला ती एक धडाही देते.

इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात तीन युद्धे झाली. पहिले १८२४ मध्ये सुरू झाले आणि दोन वर्षे चालले. त्यात रोगराईने व लढाईने कंपनी सरकारचे हजारो सैनिक बळी पडले. दुसरे १८५२ चे. तिसरे १८८५ च्या नोव्हेंबरात झाले आणि ते अवघ्या पंधरवड्यात संपले! १४ नोव्हेंबरला इंग्रजांच्या आगबोटी इरावती नदीतून वर निघाल्या आणि महिना संपण्यापूर्वी राजा कैद झाला. साठ वर्षांत एवढा फरक का पडला? ब्रह्मी शिपाई काही भ्याड झाला नव्हता. राजधानी पडल्यावरही तेथील जनतेने रानावनांतून पुढे कित्येक वर्षे जी झुंज दिली, ती मोडण्यास इंग्रजांना मूळ स्वारीपेक्षा किती तरी अधिक फौज ओतावी लागली. तेव्हा धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती वेगळीच.

पहिल्या युद्धाने ब्रह्मदेशाचे आराकान व तेनासरीम हे किनारी प्रांत गेले. दुसऱ्याने पेगू व रंगून गेले. राज्य उरले ते समुद्रावाचून. थिबाचा बाप मिंडॉन हा शहाणा राजा होता. त्याने आगबोटी विकत घेतल्या, कारखाने काढले, तारायंत्र आणले. परंतु समुद्राचे दार इंग्रजांच्या हाती असल्यामुळे परदेशी शस्त्रे आणावयाची तर रंगूनच्या इंग्रज अधिकाऱ्याची संमती लागे. ज्याच्याशी लढण्याचा प्रसंग येणार, त्याच्याच परवानगीने शस्त्रे घ्यावयाची! शेवटी थिबाच्या दरबाराने फ्रेंचांशी करार करून त्यांच्या मैत्रीवर भरवसा ठेवला. आणि संकटाच्या घटकेला फ्रान्स दूरच राहिला. १८८४ साली कोणी आशियातील राज्यांचे कोष्टक केले असते तर ब्रह्मदेशाच्या नावापुढे तोफा, आगबोटी आणि सैनिक यांचे आकडे दिसले असते. शस्त्रांचा पुरवठा कोणाच्या मुठीत आहे, हा रकाना मात्र त्यात नसता.

आडात किती, पोहऱ्यात किती?

हा रकाना आजच्या भारताला लावून पाहिला पाहिजे. २०२० ते २०२४ या काळात परदेशांतून शस्त्रे घेणाऱ्या राष्ट्रांत भारताचा क्रमांक जगात दुसरा होता. आपल्या पुढे होता तो प्रत्यक्ष युद्धात होरपळणारा युक्रेन. हा क्रमांक वरचा असल्याबद्दल पेढे वाटावे अशी स्थिती नाही. एक गोष्ट मात्र समाधानाची म्हटली पाहिजे. पूर्वी आपण रशियावर फारच विसंबून होतो. २०१० ते २०१४ या काळात आपल्या शस्त्रआयातीतील ७२ टक्के वाटा त्या एका देशाचा होता. तो आता ३६ टक्क्यांवर आला आहे. देशातील संरक्षण-उत्पादन २०२४-२५ साली दीड लक्ष कोटी रुपयांवर गेले आणि त्याच वर्षी सुमारे २३,६०० कोटींची निर्यातही झाली. कोचीच्या गोदीत बांधलेली ‘विक्रांत’ सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली, ही तर कोणत्याही किनारपट्टीने अभिमान बाळगावा अशी घटना होय.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला, तेव्हा वायुदलाजवळ लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. ‘तेजस’ विमान आपले, पण त्याचे हृदय म्हणजे इंजिन अमेरिकेहून येते. ते वेळेवर आले नाही की सांगाडा तयार असूनही विमान कारखान्यातच थांबते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? विमानांची संख्या मोजणारे कोष्टक ही अडचण दाखवीत नाही. आधुनिक युद्धात पहिल्या आठवड्याचा दारूगोळा सर्वांजवळच असतो. तिसऱ्या महिन्याचा कोणाजवळ आहे, आणि तो कोणत्या कारखान्यातून येणार आहे, यावर निकाल ठरतो.

पैशाविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २०२५-२६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लक्ष ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांतील सुमारे १ लक्ष ६१ हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे. ज्या जिल्ह्यातील दापोली-मंडणगडच्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या सुभेदार व हवालदार निघाले, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील वर्तमानपत्राने शिपायाच्या निवृत्तिवेतनाकडे वाकड्या डोळ्याने पाहणे हा कृतघ्नपणा ठरेल. तो पैसा सैनिकाने घामाने व रक्ताने मिळविलेला आहे. परंतु परदेशी संस्था जेव्हा ‘भारताचा लष्करी खर्च’ म्हणून एक आकडा छापते, तेव्हा त्यातील मोठा हिस्सा नव्या तोफा-विमानांचा नसून झालेल्या सेवेच्या मोबदल्याचा असतो, एवढे तरी वाचणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

ऐकून घेणारे कान

सामर्थ्याचा आणखी एक घटक कोणत्याच यादीत येत नाही. तो म्हणजे अप्रिय सत्य ऐकून घेण्याची सत्ताधाऱ्यांची तयारी. १९६२ चा पराभव हा केवळ संख्येचा पराभव नव्हता. पूर्व विभागाचे सेनापती असलेले कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ नावाची एक कवायत योजून ईशान्य सीमेवर चीनचे आक्रमण कसे होऊ शकेल आणि ते थोपविण्यास काय लागेल याची मांडणी केली होती. दिल्लीने ती मनावर घेतली नाही. पुढे अडीच वर्षांनी बर्फात उन्हाळी कपड्यांनिशी उभ्या असलेल्या जवानांनी त्याची किंमत मोजली. आपले वायुदल तर त्या युद्धात चढाईसाठी वापरलेच गेले नाही. म्हणजे यादीत असलेले सामर्थ्यही हातात नव्हते! त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र आजही कौतुकाने म्हणतो. ते कौतुक रास्त आहे. परंतु सह्याद्रीतल्याच एका सेनापतीने आधी दिलेली हाक ऐकली गेली नव्हती, ही आठवण त्या कौतुकाबरोबर ठेवली पाहिजे.

आणि १९७१? कराचीवर गेलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या नौका रशियन बनावटीच्या, मूळच्या किनारा-रक्षणाच्या, थोड्या पल्ल्याच्या. मोठ्या आरमारांच्या यादीत त्यांना तळटीपेचेही स्थान मिळाले नसते. परंतु त्यांना ओढून दूरवर नेण्याची कल्पना आपल्या नौसैनिकांची आणि ती पार पाडण्याचे धाडसही त्यांचेच. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ अधिकारी व नाविक सागरात विलीन झाले. ज्याची संख्या कमी त्याचाही एक बाण वर्मी लागू शकतो, हे त्या रात्रीने शिकविले. नौदल दिनी पहिल्या घटनेबरोबर दुसरीचेही स्मरण करणे हीच त्या वीरांना खरी मानवंदना होय.

विजयदुर्गाचा धडा

आता सर्वांत कटू गोष्ट. कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत, १७१८ ते १७२१ या काळात, इंग्रजांनी एकट्याने आणि मग पोर्तुगीजांना जोडीस घेऊन त्यांचे किल्ले घेण्याचे जंग जंग पछाडले. त्यांच्या हाती काही लागले नाही. तेच आंग्र्यांचे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पायथ्याशी एका रात्रीत जळून गेले. समुद्रावरून ॲडमिरल वॉटसन, त्याच्याबरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून? जमिनीवरून पेशव्यांची फौज! त्याच्या आदल्याच वर्षी हर्णैचा सुवर्णदुर्ग अशाच संगनमताने पडला होता. तुळाजी आंग्रे हा काही साधुपुरुष नव्हता. त्याने पेशव्यांच्या मुलखालाही उपद्रव दिला होता, पेशव्यांच्या रागाला कारणे होती. पण भावाचा राग काढण्यासाठी परक्याच्या तोफा बोलावल्या गेल्या, आणि मराठ्यांचे जे एकमेव आरमार इंग्रजांना धाकात ठेवू शकत होते ते बुडाले. विजयदुर्ग पुढे पेशव्यांना मिळाला. पण बाणकोट इंग्रजांकडे राहिला आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचे पाऊल रोवले गेले. त्या वर्षीच्या कोष्टकात पेशव्यांचे घोडदळ हिंदुस्थानात अव्वल ठरले असते. असे असूनही बेरजेच्या जागी वजाबाकी झाली, कारण दौलतीची एक भुजा दुसरीवर उठली.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. ती उतरविण्यास आपल्यातील लाचखोर हात साहाय्य झाले होते. २००८ च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेले दहा हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका बळकावून मुंबईपर्यंत आले आणि १६६ जीव गेले. या दोन्ही वेळी भारताजवळ विमानवाहू नौका होती. आशियातील फार थोड्या राष्ट्रांजवळ तेव्हा ती होती, आणि कोष्टकात आपण त्या राष्ट्रांच्या वर होतो. घात झाला तो विमानवाहू नौकेच्या उंचीवरून न दिसणाऱ्या एका खाडीत आणि एका मचव्यावर.

आज रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचे ठाणे आहे, सागरी पोलिसांची व्यवस्था आहे, मच्छीमारांना ओळखपत्रे दिली आहेत. हे सर्व योग्यच झाले. परंतु या किनाऱ्यावर सर्वांत जास्त तास, सर्वांत जास्त रात्री, सर्वांत जास्त डोळे कोणाचे असतात? मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरीनाटे येथील तांडेलांचे आणि खलाशांचे. कोणती नौका आपली, कोणती परकी, कोणता दिवा कोणत्या गावचा, हे त्यांना नकाशावाचून कळते. असा माणूस जेव्हा परप्रांतीय नौकांच्या घुसखोरीची किंवा प्रखर दिवे लावून होणाऱ्या बेकायदा मासेमारीची तक्रार घेऊन कचेरीत जातो, तेव्हा त्याला तासन् तास तिष्ठत ठेवले, त्याच्या जातिधर्माकडे पाहून त्याच्या शब्दाचे मोल ठरविले, तर उद्या संशयास्पद नौका दिसली असता तो कोणाकडे आणि कोणत्या विश्वासाने जाणार? त्याचा अपमान हा संरक्षणाच्या खात्यातील तोटा आहे, मग तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसो वा न दिसो.

आमच्या मते वाचकांनी क्रमांकाचा नाद सोडून पुढील प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. वायुदलाच्या उरलेल्या तेरा तुकड्या कधी भरून निघणार? विमानाचे इंजिन देशात कधी तयार होणार, आणि त्यासाठी विद्यापीठांत व प्रयोगशाळांत पैसा किती जातो? उत्तर सीमेवरचे रस्ते व बोगदे ठरल्या मुदतीत होतात काय? ज्या कोकणाने एका महामार्गाचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळताना पाहिले, त्याला या प्रश्नाचे मर्म समजावून सांगणे नको. आमच्या किनाऱ्यावरील गस्तीच्या नौकांना इंधन, दुरुस्ती आणि पुरेसे कर्मचारी मिळतात काय? सेनापतीने अप्रिय अहवाल दिला तर तो वाचला जातो काय? हे प्रश्न खासदाराला सभेत विचारता येतात, संसदेत त्याच्या तोंडून विचारविता येतात. ते विचारणे म्हणजे सैन्यावर अविश्वास नव्हे. १९६० मध्ये ते कोणी मोठ्याने विचारले असते, तर १९६२ मध्ये काही मातांची मुले घरी परत आली असती.

चीन आपल्यापेक्षा बलाढ्य आहे. ते सत्य मान्य करून आपल्या ताटातले काम आपण उरकले पाहिजे. पाकिस्तान आपल्यापेक्षा लहान आहे. त्या समाधानावर आपण झोपी जाता कामा नये. थिबाच्या राजवाड्याच्या सज्जातून समुद्र दिसतो. ज्या राजाने तो समुद्र गमावला, त्याला उरलेले आयुष्य परक्या किनाऱ्यावरून तो पाहत काढावे लागले. पुढच्या वर्षी नवे कोष्टक येईल आणि त्यात आपला क्रमांक एखाद्या घराने वर वा खाली सरकेल. ते जरूर वाचावे. आणि वाचून झाल्यावर मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाऊन एखाद्या तांडेलाला विचारावे की, बाबा रे, रात्री समुद्रावर काय दिसते, आणि दिसले तर ते ऐकून घेणारे कोणी आहे काय? त्या उत्तरावरून आपल्या सामर्थ्याची जी कल्पना येईल, ती कोष्टकातील कोणत्याही क्रमांकापेक्षा अधिक भरवशाची असेल.